नजरेची वाटणी

दर वर्षी ५ सप्टेंबरला महाराष्ट्रातल्या कितीतरी माध्यमिक शाळांत एका दिवसाचा सत्तापालट होतो. दहावीच्या मुली साड्या नेसून येतात, मुलगे घरातल्या मोठ्यांचा इस्त्रीचा शर्ट घालून येतात. एक जण मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसतो, एक जण शिपाई होऊन घंटा देतो. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्म १८८८ सालचा. ते राष्ट्रपती झाले त्या १९६२ सालापासून त्यांचा जन्मदिवस शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. भाषणे, गुलाबाची फुले, आदर्श शिक्षक पुरस्कार हे सारे त्या दिवशी ठरल्याप्रमाणे पार पडते. पण त्या दिवसाचा सर्वांत खरा कार्यक्रम पाचवी-सहावीच्या वर्गांत चाललेला असतो. एका दिवसाचे गणिताचे सर चष्मा नाकावर ओढून वरून पाहतात आणि वर्गात हशा पिकतो. एका दिवसाच्या बाई खडूचा तुकडा बोटांत खेळवत दुसऱ्या बाकापाशी थांबतात, आणि त्या कोणत्या बाई हे नाव न सांगता सगळ्यांना कळते. खरे सर आणि खऱ्या बाई दारातून पाहत असतात. हसतात, जरा ओशाळतातही.

या नकलेत धडा कधी नसतो. समीकरण कसे सोडवले किंवा कवितेचा अर्थ कसा उलगडला, याची नक्कल कुणी करत नाही. मुलांनी उचललेले असते ते चालणे, थबकणे, भुवई उंचावणे, टेबलावर डस्टर आपटणे, उत्तर चुकले की काही न बोलता फळ्याकडे वळणे. हे पाठ्यपुस्तकात नाही, परीक्षेला येत नाही, कुणी शिकवलेले नाही. तरी मुलांचे तोंडपाठ आहे. वर्षभर मुले पुस्तकाइतक्याच बारकाईने शिक्षकालाही वाचत असतात. शिक्षक दिनाला शिक्षकांविषयी पुष्कळ बोलले जाते. शिक्षक न बोलता जे सांगतात, त्याविषयी क्वचितच. आमच्या मते वर्गातल्या समतेचा आणि विषमतेचा बराचसा निकाल या न बोललेल्या भागातच लागतो.

‘अडले तर विचारा’ हे वाक्य कोणत्या वर्गात म्हटले जात नाही? खडू खाली ठेवून, मुलांकडे तोंड करून, क्षणभर थांबून ते म्हटले तर एखादा हात चाचरत का होईना, वर होतो. तेच वाक्य फळा पुसता पुसता, पाठमोरे राहून म्हटले तर वर्ग गप्प बसतो. मग स्टाफरूममध्ये तक्रार होते की, मुले काही विचारतच नाहीत. तोंड एक सांगत असेल आणि शरीर दुसरे, तर मूल शरीरावर विश्वास ठेवते. त्याचा अनुभव त्याला तसेच शिकवतो.

आपल्या परंपरेला यात नवे काही नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार मानले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. बोलणे हा त्यातला केवळ एक वाटा. चौथा जो सात्त्विक, त्यात घाम, रोमांच, स्वर कापरा होणे असे विकार येतात, आणि मन त्या भावाशी एकाग्र झाल्याखेरीज ते उमटत नाहीत, असे शास्त्र सांगते. शिक्षकाच्या बाबतीत हा चौथा प्रकार फार महत्त्वाचा. रंगमंचावरचा नट तीन तासांनी रंग पुसतो. शिक्षक तेच चेहरे समोर ठेवून आठवड्याचे सहा दिवस, वर्षानुवर्षे उभा असतो. मनात नसलेली आस्था इतका काळ चेहऱ्यावर टिकवून धरणे कुणालाही जमत नाही.

म्हणूनच हल्ली प्रशिक्षणांत ‘देहबोली’ या नावाखाली जे सांगितले जाते, त्याबद्दल आम्हाला शंका आहे. हात कसे ठेवावेत, किती हसावे, कुठे उभे राहावे, अशी ती यादी असते. तिच्या जोडीला पडद्यावर अनेकदा एक आकडा झळकतो: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि चेहऱ्याचा ५५ टक्के. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आला. ते प्रयोग सुटे शब्द, आवाजाची ढब आणि छायाचित्रांतले चेहरे यांच्यावर झाले होते. समोरच्याला आपण आवडतो की नाही, एवढ्याच भावनेपुरते त्यांचे निष्कर्ष मर्यादित होते, हे स्वतः मेहराबियन यांनीही स्पष्ट केले आहे. प्रकाशसंश्लेषण ९३ टक्के हातवाऱ्यांनी शिकवता येत नाही. विषयाची तयारी नसलेल्या शिक्षकाला प्रसन्न हास्य वाचवू शकत नाही आणि मुलांना ते फसवूही शकत नाही. न बोलता होणारा संवाद हा अंगविक्षेपांचा तास म्हणून शिकवला की त्यातला गाभा सुटतो. तो गाभा म्हणजे शिक्षकाच्या मनात त्या मुलाविषयी काय आहे.

हे मनातले कसे बाहेर झिरपते, याची एक विलक्षण गोष्ट बर्लिनमध्ये घडली, आणि तिचा नायक एक निवृत्त गणित शिक्षकच होता. विल्हेल्म फॉन ओस्टेन यांनी आपल्या हान्स नावाच्या घोड्याला बेरीज-वजाबाकी शिकवली, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. प्रश्न विचारला की हान्स खूर आपटून उत्तर देई आणि बरोबर आकड्यावर थांबे. १९०४ साली एका समितीने तपासणी केली. तिला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण अभ्यासकाने बारकाईने प्रयोग केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्स चुकत असे. प्रश्नकर्ता दिसेनासा केला तरी चुकत असे. विचारणारा माणूस खुराकडे पाहताना किंचित पुढे झुकायचा, आणि बरोबर आकडा आला की त्याचे डोके नकळत अगदी थोडे वर व्हायचे. घोडा तेवढे टिपायचा. फुंग्स्टचे पुस्तक १९०७ साली आले. त्यातली सर्वांत बोलकी नोंद ही की, गुपित कळल्यानंतरही खुद्द फुंग्स्टला स्वतःच्या या हालचाली रोखता आल्या नाहीत.

घोड्याला जे जमते ते सहा-सात वर्षांच्या मुलाला जमणार नाही, असे मानायचे कारण नाही. अमेरिकेतले रॉबर्ट रोझेन्थाल यांनी हा धागा वर्गापर्यंत नेला. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका प्राथमिक शाळेत त्यांनी आणि तिथल्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी शिक्षकांना काही मुलांची नावे दिली. चाचणीनुसार या मुलांची बुद्धी यंदा झपाट्याने फुलेल, असे सांगितले. प्रत्यक्षात ती नावे, वर्गातल्या साधारण दर पाचांमागे एक, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे बुद्ध्यंक इतरांपेक्षा ठळकपणे वाढलेले दिसले. १९६८ साली हे पुस्तकरूपाने आले आणि त्यावर बराच वाद झाला. बुद्धिमापनाच्या पद्धतीवर आक्षेप आले, परिणामाचा आकार सांगितला तेवढा मोठा नाही, हेही पुढे दिसले. हे आक्षेप रास्त आहेत. पण पुढच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेताना १९८४ साली स्टीफन रॉडेनबुश यांना एक गोष्ट आढळली, ती आपल्या शाळांना थेट लागू पडते. शिक्षक त्या मुलांना दोन आठवड्यांहून अधिक काळ ओळखत असतील, तर असल्या खोट्या अपेक्षांचा परिणाम जवळजवळ उरत नाही. ओळख कच्ची असते तेव्हाच शिक्का उमटतो. आपल्याकडे जूनमध्ये नवा वर्ग हाती येतो तेव्हा शिक्षकाला आधी काय मिळते? यादी, आडनावे, मागच्या वर्गशिक्षकांचा तोंडी शेरा. ‘हा जरा जडच आहे,’ ‘त्या वस्तीतला आहे,’ ‘हिच्याकडे लक्ष ठेवा.’ मूल अजून समोर बसलेलेही नसते.

मग ही अपेक्षा मुलापर्यंत पोहोचते कशी? शब्दांनी क्वचितच. हुशार ठरलेल्या मुलाच्या चुकीवर शिक्षक जवळ जातो, दुसऱ्या वाटेने सांगून पाहतो. मागे ठरलेल्या मुलाच्या चुकीवर ‘बस खाली’ म्हणण्याचीही गरज पडत नाही. मान पुढच्या मुलाकडे वळते. इस्रायलमधले एलिशा बाबाद यांनी शिक्षकांच्या काही सेकंदांच्या चित्रफिती मुलांना दाखवल्या. शिक्षक हुशार विद्यार्थ्याशी किंवा त्याच्याविषयी बोलत आहेत की कच्च्या, हे ओळखायचे होते. विद्यार्थी पडद्यावर दिसत नव्हता. मुलांनी ते ओळखले. पुढे त्याच फिती न्यूझीलंडमधल्या, हिब्रू भाषेचा गंधही नसलेल्या मुलांना दाखवल्या. त्यांनीही ओळखले. भाषा समजत नसताना परक्या देशातली मुले जे दहा सेकंदांत ताडतात, ते वर्षभर त्याच वर्गात बसणाऱ्या मुलाला कळत नसेल, या भ्रमात कोणत्याही शिक्षकाने राहू नये.

शांततेचीही अशीच वाटणी होते. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, मग स्वतः उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात, असे त्यांना दिसले. तेच थांबणे तीन सेकंदांवर नेले की मुलांची उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणे कमी झाले, एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागली, मुले स्वतःहून प्रश्न विचारू लागली. तीन सेकंद! यासाठी निविदा काढावी लागत नाही, टॅब वाटावे लागत नाहीत. पण रो यांचे दुसरे निरीक्षण अधिक बोचरे आहे. ज्यांना विचार करायला जास्त वेळ हवा, त्या कच्च्या समजल्या गेलेल्या मुलांसाठी शिक्षक कमी थांबत होते. ज्यांना उत्तर चटकन येते त्यांच्यासाठी जास्त. गरजेच्या नेमके उलटे हे वाटप होते, आणि ते करणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. गप्प उभ्या असलेल्या मुलाची फजिती आपल्यालाच सोसवत नाही, म्हणून आपण त्याला लवकर ‘सोडवतो.’ मूल मात्र त्याचा अर्थ वेगळा लावते: यांना माझ्याकडून काही येईल असे वाटतच नाही.

शब्दांवाचून केलेले वाटप किती क्रूर असू शकते, याचा दाखला महाराष्ट्राला बाहेरून आणावा लागत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले; तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या वर्गात ते इतर मुलांबरोबर बसू शकत नव्हते. कोपऱ्यात वेगळे बसायचे, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. शाळा झाडणारा नोकर ते गोणपाट उचलत नसे, म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. बाबासाहेबांनी हे स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्या मुलाला तू वेगळा आहेस, हे रोज कुणी म्हणायची गरज नव्हती. कोपरा ते सांगत होता. त्याच साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी वेगवेगळ्या जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. मुले एकत्र राहू लागली, एका पंगतीत जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. समतेवर तिथेही भाषणे झालीच असतील. पण मुलांच्या अंगी ती उतरली ती त्या पंगतीतून. एकाच गावात पाव शतकाच्या अंतराने शिक्षणाने हे दोन्ही धडे दिले, आणि दोन्ही कुणी कुठे बसायचे यातून दिले.

गोणपाट गेले. शेवटचा बाक राहिला. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने २००९ साली शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी केली. छडी, अंगठे धरून उभे करणे, बाकावर चढवणे हे निदान कागदावर तरी बेकायदा झाले. हे मोठे काम होते. पण नजर कायद्याच्या पकडीत येत नाही आणि येऊही नये. अखंड तास एखाद्या मुलीकडे एकदाही न पाहणे हा गुन्हा ठरवता येत नाही. तिच्या हजेरीला ‘हजर’ ऐकून मान वर न करणे हाही नाही. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आपल्या वर्गांची जुनी आज्ञा. तीत मुलाचे शरीर बंद केले जाते, आणि ते बंद झाले की त्याला समजले की नाही, कंटाळा आला की भूक लागली, हे शिक्षकाला कळण्याचा मार्गही बंद होतो. न बोलता होणारा संवाद दुहेरी असतो, हे आपण अनेकदा विसरतो. खाली मान घालून उभे असलेले मूल उर्मट किंवा कोडगे असते असे नाही. मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू नये, हेच कित्येक घरांत वळण म्हणून शिकवलेले असते. तेच वळण वर्गात ‘याला काही येत नाही’ असे वाचले जाते.

जिथे मुलाची आणि शाळेची भाषाच वेगळी असते, तिथे तर पहिले काही महिने शिक्षकाच्या शरीराखेरीज दुसरे पुस्तकच नसते. मेळघाटातले कोरकू मूल, गडचिरोलीतले गोंडी किंवा माडिया बोलणारे मूल, नंदुरबारमधले पावरी किंवा भिली बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा पाठ्यपुस्तकातली मराठी त्याच्यासाठी परकी असते. गुरुजी जमिनीवर त्याच्या उंचीला येऊन बसतात की टेबलामागे उभे राहतात, हा त्याचा पहिला धडा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेकडे येत नाहीत म्हटल्यावर त्या दोघींनी शाळाच त्यांच्याकडे नेली. अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरांमागे गेलेल्या मुलांसाठी कुरणात भरली ती कुरणशाळा. शिक्षिकेने मुलाच्या जागेवर जाऊन बसणे यातच ‘तू मला हवा आहेस’ हे सांगून झाले होते. अक्षरे नंतर आली.

आता शिक्षकांची बाजू. नजर वाटायची तर ती मोकळी हवी. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत ३० मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. माध्यमिकच्या वर्गात साठ-सत्तर मुले दाटीवाटीने बसलेली असतात, आणि चाळीस मिनिटांच्या तासात प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. दोनशिक्षकी शाळेत एका गुरुजींसमोर दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात. त्यात फोन वाजतो. पोर्टलवर माहिती भरा, आजच्या आज छायाचित्रे पाठवा, बारापर्यंत आकडे कळवा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये, असे २७वे कलम म्हणते; भ्रमणध्वनीवरून येणारा ‘तातडीचा’ निरोप कोणत्या कलमात बसतो? वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाची मान पडद्यावर झुकलेली असेल, तर मुलांना त्याचाही अर्थ कळतो: आमच्यापेक्षा महत्त्वाचे काहीतरी तिकडे आहे. २०२०च्या मार्चनंतर शाळा बंद झाल्या तेव्हा शिक्षकही पडद्यावरच्या काळ्या चौकोनांशी बोलत होते आणि कुणाला कळले, कुणाला नाही, याचा पत्ता लागत नव्हता. समोरचे चेहरे दिसले नाहीत की शिकवणे कसे आंधळे होते, हे तेव्हा सर्वांनीच अनुभवले. शाळा उघडल्या, पण शिक्षकाचे डोळे पुन्हा पडद्यातच अडकणार असतील, तर त्या अनुभवातून आपण काय शिकलो?

उपाय फार मोठे नाहीत. डी.एल.एड. आणि बी.एड.च्या सराव पाठांत निरीक्षक फलकलेखन, साहित्य, उद्दिष्टे यांच्या चौकटी भरतात. त्यांत बैठक-व्यवस्थेचा एक साधा नकाशा जोडावा. प्रत्येक प्रश्न कुणाला गेला, शिक्षक कोणत्या बाकापर्यंत चालत गेले, कुणासाठी किती थांबले, याच्या खुणा त्यावर कराव्यात. चाळीस मिनिटांनी तो कागद शिक्षकाच्या हाती दिला की कोणत्याही व्याख्यानाची गरज उरत नाही. बहुतेकांच्या खुणा पुढच्या मधल्या बाकांभोवतीच दाटलेल्या दिसतील. सेवेतल्या शिक्षकांनी हेच एकमेकांच्या तासाला बसून करावे. मुलांच्या जागा दर आठवड्याला फिरवाव्यात. नवा वर्ग घेताना पहिले दोन आठवडे मागचे शेरे ऐकू नयेत. प्रश्न विचारल्यावर मनात तीन मोजावेत. मात्र एक पथ्य पाळायला हवे. हा कागद शिक्षकाचाच राहावा. त्यावर केंद्रप्रमुखाचा शेरा, गुण, वेतनवाढ असे काही चिकटले की दुसऱ्याच दिवशी नजरेचे नाटक सुरू होईल, आणि ते मुले पहिल्याच मिनिटात ओळखतील.

शिक्षक दिनाच्या भाषणांत शिक्षकाला राष्ट्राचा शिल्पकार म्हणणे स्वस्त आहे. त्याची मान वर राहील एवढी वर्गसंख्या, रिक्त जागांवर भरती आणि पडद्यापासून सुटका हे देणे खर्चाचे आहे, आणि ते शासनाचेच काम आहे. ती मोकळी झालेली नजर कुणाकडे वळते आणि कुणाला टाळून जाते, याचा हिशेब मात्र शिक्षकालाच ठेवावा लागेल. तो दुसऱ्या कुणाला ठेवता येत नाही. शासनाने आपले काम केले नाही म्हणून शिक्षकाचा हिशेब माफ होत नाही, आणि निष्ठावान शिक्षकांचे सत्कार करून शासनाचे देणेही फिटत नाही.